मॉडेलवरचा गंज गेरू फासल्यासारखा का दिसतो?

दिवाळीत निफाडला मामाकडे गेले तेव्हा विलिज जीप सोबत नेली होती. टॅमिया कंपनीचं १/३५ चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढं, प्लास्टिकचं जोडायचं किट, लांबी जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर. चार महिने खपून तिला मामाच्या जुन्या जीपसारखी गंजवली होती. मामाने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, जीप उन्हात धरून दोनदा फिरवली आणि विचारलं, "हिला गेरू कोणी फासला गं?"

मामी हसली. मला हसू आलं नाही, कारण मामाचं बरोबर होतं. आणि हे पहिल्यांदा होत नव्हतं. आधीचा १/२४ चा ट्रक आणि त्याच्याही आधीचा ट्रॅक्टर अगदी असेच बिघडले होते. रंग बसेपर्यंत सगळं झकास, आणि गंज चढवला की गाडी नारिंगी. दर वेळी मी पिगमेंटला, म्हणजे गंजाच्या रंगाच्या सुक्या पुडीला, नावं ठेवली, नवी बाटली मागवली आणि पुन्हा तिथेच येऊन पोचले.

यातली खरी लाजेची बाब अशी की माझी नोकरीच गंजाची आहे. नाशिकच्या अंबडला पावडर कोटिंगच्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. दिवसभर गंज येऊ नये म्हणून पगार घेते आणि संध्याकाळी गंज यावा म्हणून तोच पगार उडवते.

आमच्याकडे सॉल्ट स्प्रेची चाचणी होते. कोटिंग केलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर धारदार पात्याने फुलीसारखा छेद द्यायचा, थेट लोखंडापर्यंत. मग तो तुकडा ३५ अंश सेल्सिअसच्या बंद पेटीत ठेवायचा आणि आत ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडत राहायचं, कधी कधी शेकडो तास. तुकडा बाहेर काढल्यावर छेदापासून गंज रंगाच्या खाली किती मिलिमीटर सरकला ते मोजतात. वरून रंग शाबूत वाटतो. नख घातलं की पापुद्रा उचलला जातो आणि खाली काळपट तपकिरी खरबरीत थर दिसतो. हे मी रोज बघते, आणि घरी येऊन शाबूत रंगावर वरून नारिंगी पूड चोळत बसते!

दोष पिगमेंटचा नव्हताच. क्रम उलटा होता. गंज लोखंडातून निघतो, रंग फोडून वर येतो. मॉडेलवर तो शेवटी वरून चोपडला तर डोळ्याला लगेच कळतं की ही पूड आहे. गंज आधी रंगवायचा, गाडीचा रंग त्यावर चढवायचा, आणि मग हवा तिथेच रंग उडवायचा. मॉडेलवाल्यांच्या बाकीच्या बहुतेक तक्रारी या एका क्रमाला चिकटलेल्या आहेत. काही मात्र नाशिकच्या हवेच्या आहेत, त्यांचं पुढे बघू.

नारिंगीचं प्रमाण

आपल्या डोक्यात गंज म्हणजे नारिंगी रंग पक्का बसलाय. अंबड लिंक रोडला भंगाराच्या दुकानांपुढे दहा मिनिटं उभं राहून बघा. नारिंगी दिसतो तो ताजा, पाऊस नुकताच लागलेला गंज, आणि तोसुद्धा कडेला किंवा ओघळात. जुना गंज तपकिरी, चॉकलेटी, कधी जांभळट झाक असलेला. जाड पापुद्रे सुटलेत तिथे आतला थर जवळजवळ काळा. कारण सरळ आहे. वरच्या थराला हवा आणि पाणी दोन्ही मुबलक मिळतं, तिथे लोहाची पाणीदार, पिवळट-नारिंगी ऑक्साइडं तयार होतात. लोखंडाला लागून असलेल्या आतल्या थरापर्यंत हवा कमी पोचते, तिथे काळपट मॅग्नेटाइट सापडतं. गडद आत आणि फिकट बाहेर, हा निसर्गाचाच क्रम आहे.

म्हणून मी आता खालचा थर काळपट तपकिरी रंगवते: बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि चिमूटभर काळा. तो सपाट एकसारखा मारायचा नाही. वाळल्यावर फाटक्या स्पंजाने बर्न्ट सिएनाचे (लालसर तपकिरी) ठिपके, मग पुन्हा अंबर, मग कुठेतरी अगदी थोडा नारिंगी. माझा अंदाजपंचे हिशोब असा की गंजलेल्या जागेत शंभरातले सत्तर भाग गडद, पंचवीस भाग मधले आणि नारिंगी पाचाच्या वर नको. नारिंगी कमी पडला असं वाटलं तर थांबा, दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत बघा. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली तो हमखास कमी वाटतो आणि आपण वाढवत बसतो. माझ्या ट्रकची वाट याच दिव्याने लावली.

मामाच्या गेरूबद्दल थोडं. टोमणा होता खरा, पण रसायनशास्त्राने मामाच्याच बाजूने कौल दिला असता. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच. रांगोळीआधी अंगण सारवायला आणतात तोच खडा रविवार कारंजाच्या आसपास पूजेच्या दुकानात मिळतो, तो कुटून वस्त्रगाळ केला की उत्तम पिगमेंट होतं आणि बाहेरच्या बाटलीच्या मानाने फुकटात पडतं. फक्त एकटा वापरला की विटेसारखा लाल दिसतो. त्यात पिवडी आणि निरांजनाची काजळी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून मी चार डब्या करून ठेवल्यात. एकदा पिवडी संपली म्हणून हळद घातली होती. हळदीचा रंग उजेडात उडतो हे सहा महिन्यांनी कपाटातल्या मॉडेलने शिकवलं.

खरा गंज तयार करायचा उद्योगही करून झालाय. घासणी मिठाच्या व्हिनेगरात दहा दिवस बुडवून ठेवली. अकराव्या दिवशी ती आणखी चकचकीत. भांड्याची घासणी स्टेनलेस स्टीलची असते हे कोटिंगवालीला आठवू नये! ग्रिल बनवणाऱ्याकडून लोखंडाचा भुगा आणला तेव्हा दोन दिवसांत काम झालं. तो भुगा वापरण्याआधी साध्या पाण्याने चार वेळा धुवा. मीठ राहिलं तर पावसाळ्यात ते ओल ओढतं आणि मॉडेलवर गंज खरोखरचा वाढायला लागतो.

कुठे गंजतं आणि कुठे गंजू शकत नाही

दुसरी सवयीची चूक म्हणजे सगळीकडे सारखा गंज. पाणी जिथे रेंगाळतं तिथे गंज येतो, एवढंच सूत्र. जीपच्या दारापाशी पायाने रंग घासला जातो, फ्लोअरच्या कोपऱ्यात चिखल साचतो, मडगार्डच्या आतल्या दुमडीत ओला गारा महिनोन्‌महिने चिकटून राहतो. बॉनेटचा मधला भाग मात्र पाणी ओघळून गेल्यामुळे बराच टिकतो. तो उन्हाने फिका पडतो, गंजत नाही. बॉनेट फिकं आणि कडा गंजलेल्या, एवढं साधलं तरी गाडी निम्मी खरी वाटते. स्ट्रीक म्हणजे ओघळ काढताना तो नटापासून किंवा सांध्यापासून सुरू व्हायला हवा. मधेच उगवलेला ओघळ डोळ्यात खुपतो.

सायलेन्सर हा एकमेव भाग आहे जिथे सगळीकडे सारखा गंज शोभतो. तापून तापून त्याच्यावरचा रंग कधीच जळालेला असतो.

आणि जे लोखंडच नाही ते गंजवू नका. ओझरला एचएएलच्या कारखान्याने घडवलेल्या मिग-२१ चं मॉडेल एका मित्राने आणलं होतं, पंखांवर लाल-तपकिरी ओघळ. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, त्याच्यावर बिघाड दिसलाच तर पांढुरकी भुकटी दिसेल. ट्रकची लाकडी बॉडी काळवंडते, सुकून करडी होते. फायबरचा बंपर तडकतो. डायकास्टच्या (धातू साच्यात ओतून केलेल्या) तयार गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, त्यांचा रंग खरवडला तर खाली राखाडी धातूच निघतो, म्हणून तिथेही गंज रंगवूनच आणावा लागतो.

चंदेरी रंगाचंही तसंच. सगळ्या कडांवर चांदी घासायची खोड मला होती. उघडं चकचकीत लोखंड फक्त तिथेच राहतं जिथे रोज घासलं जातं. लासलगावच्या बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात तेव्हा आत डोकावा. मी बघितलेल्या ट्रॉल्यांची तळाची चादर कांदे घसरून घसरून काळी तुकतुकीत झालेली, आणि तिच्याच कोपऱ्यात, जिथे फावडं पोचत नाही, तिथे जाड गंज. एका पत्र्यावर दोन्ही. यापेक्षा चांगला नमुना कुठल्याच बाटलीवर छापलेला मिळणार नाही.

ठिपक्यांच्या आकाराचा हिशोबही इथेच करून टाकू. १/३५ वर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या गाडीवर १७.५ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा पोपडा. तोच ठिपका १/७२ वर ३६ मिलिमीटरचा होतो. ब्रशने एकेक ठिपका काढायला बसलो की आपण नकळत मोठेच काढतो. पॅकिंगचा फोम फाडून, रंगात टेकवून, कागदावर बहुतेक रंग झटकून मग मॉडेलला लावला तर ठिपके बारीक आणि वेडेवाकडे येतात. आधी गाडीच्याच रंगाच्या फिक्या छटेने, म्हणजे फक्त वरवरचा ओरखडा. मग त्यातल्या काहींच्या मधोमध गडद तपकिरी, म्हणजे छेद लोखंडापर्यंत गेला. फिक्याची बारीक कड राहिली की रंगाला जाडी आल्यासारखी दिसते.

हेअरस्प्रे: एकतर निघतच नाही, नाहीतर पापुद्राच निघतो

गंज आधी, रंग नंतर म्हटलं की हेअरस्प्रे आलाच. गंजाच्या थरावर वॉर्निश, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर गाडीचा ॲक्रिलिक रंग. मग पाण्याने ओलं करून ब्रशने घासलं की हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग तुकड्यांनी सुटतो. ऐकायला सोपं, पण पहिल्या तीन वेळा माझ्याकडे एक कणही सुटला नाही.

पहिल्यांदा कारण थिनरचं होतं. गाडीचा रंग मी लॅकर थिनरमध्ये पातळ केला होता. त्याने हेअरस्प्रेचा थर पोखरला आणि रंग खालच्या थराला चावून बसला. टॅमियाचा ॲक्रिलिक साध्या पाण्यात पातळ केला तर सहज निघतो. थोडा गोळा होतो, एअरब्रशने (रंग फवारायच्या पिचकारीने) मारताना धीर लागतो, पण निघतो. व्हॅलेहो कंपनीसारखे रंग वाळले की रबरी पापुद्रा होतो, ते बारीक टवक्यांऐवजी चादरीसारखे सोलून येतात. त्यांच्यासाठी ओलं करण्याआधी कडेला ब्लेडच्या टोकाने अगदी हलक्या रेघा मारून घ्या, मग फाटा तिथेच थांबतो.

दुसऱ्यांदा रंग जाड झाला होता. वरचा थर इतका पातळ हवा की खालचा तपकिरी किंचित जाणवावा. हिरवा रंग पूर्ण झाकला जाईपर्यंत मी मारत राहिले आणि मग पाणी आत शिरायला वाटच उरली नाही.

तिसरी वेळ उन्हाळ्याची. एप्रिलमध्ये दुपारी रंग मारला, जेवले, झोपले, संध्याकाळी घासायला बसले. पारा चाळिशीला टेकलेला असताना चार तासांत रंग किती घट्ट होतो ते तेव्हा कळलं. आता उन्हाळ्यात रंग हाताला सुकला की वीस मिनिटांतच घासायला घेते, तेही एका वेळी एकच भाग: आज बॉनेट, उद्या टब (जीपची उघडी बॉडी). पावसाळ्यात तोच रंग तासभर ओलसर राहतो, तेव्हा घाई केली तर गाळ होतो.

हेअरस्प्रे हातभर अंतरावरून, दोन हलके हात. चिंब केला तर वरचा रंग भेगाळतो. भेगाळलेला रंग काही जण मुद्दाम करतात, पण तो उन्हाने फुटलेल्या जुन्या लाकडाला शोभतो, पत्र्याला कमीच. पाणी कोमट घ्या, लावून मिनिटभर थांबा, मग आखूड कापलेला जुना ब्रश कडेकडून आत न्या. आणखी घासायचा मोह आवरा. एक जागा फार निघाली तर तिथे स्पंजाने मूळ रंग टिपून पुन्हा झाकता येतं, पण अर्धी गाडी उघडी पडली तर नाही. काम झालं की एक दिवस वाळू देऊन वॉर्निश मारा. तसं केलं नाही तर पुढच्या ओल्या कामात हेअरस्प्रे पुन्हा जागा होतो.

मिठाची पद्धतही आहे. ओल्या पृष्ठभागावर खडे मीठ टाकायचं, वाळलं की वरून रंग, मग मीठ घासून काढायचं. नाशिकमध्ये ती मी जून ते सप्टेंबर करत नाही. मीठच पाघळतं.

रात्री दिसणारं पिगमेंट सकाळी कुठे जातं?

सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार हीच. पिगमेंट लावलं, सुंदर दिसलं, मॅट म्हणजे बिनचमकीचं वॉर्निश मारलं आणि सगळं गायब. किंवा गायब झालं नाही तरी काळवंडलं.

पाऊस पडून गेल्यावर अंगणातली माती गडद दिसते, वाळली की फिकी होते. माती तीच असते. सुट्या कणांमध्ये हवा असते तेव्हा उजेड प्रत्येक कणावर आपटून विखुरतो आणि पूड फिकी दिसते. हवेची जागा पाण्याने किंवा वॉर्निशने घेतली की विखुरणं कमी होतं, रंग गडद होतो. पाणी उडून जातं, वॉर्निश उडत नाही. त्यामुळे पिगमेंट वॉर्निशखाली कायमचं ओलं दिसतं. शिवाय एअरब्रशची हवा अर्धी पूड उडवून नेते ते वेगळंच.

उपाय असा की शेवटचं मॅट वॉर्निश पिगमेंटच्या आधी मारायचं. खरबरीत मॅटवर पूड धरूनही राहते, चकचकीत ग्लॉसवर ती घसरते. पूड कोरड्या ब्रशने हवी तिथे रचायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब पुडीच्या कडेला टेकवायचा. ब्रश पुडीला लावायचा नाही. थेंब आपोआप आत ओढला जातो आणि वाळला की पूड बऱ्यापैकी चिकटते. मॉडेल हाताळायचं नसेल तर एवढं पुरे. प्रदर्शनाला न्यायचं असेल तर पिगमेंट फिक्सर वापरा, पण तो गडदपणा आणतो हे धरून एक छटा फिकी पूड घ्या. आधी प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणावर करून बघा. मी कंटाळा करते आणि दर वेळी पस्तावते.

नाक-तोंड झाका. गेरू असो की काजळी, वस्त्रगाळ पूड फुफ्फुसात जायची गोष्ट नाही.

श्रावणातलं पांढरं धुकं

मॅट वॉर्निश मारल्यावर मॉडेल दुधाळ होतं. नाशिकला हे पावसाळ्यात हमखास होतं, त्र्यंबक-इगतपुरीकडे तर विचारूच नका. वॉर्निश लॅकरचं, म्हणजे झटपट उडणाऱ्या थिनरमधलं, असेल तर ते थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ तिथे बारीक थेंबांनी जमते आणि थरात अडकते. उपाय आधीच करायचा. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ चमच्याला चिकटत असेल त्या दिवशी लॅकर मारू नये, ही माझी कसोटी. नंतर मी आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घेतलं आणि ६५ टक्क्यांवर काम बंद असं ठरवलं. मिठाचं आणि यंत्राचं मत सहसा एकच निघतं.

झालंच असेल तर घाबरू नका. कोरड्या दिवशी रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घातलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा मारला की थर किंचित मऊ होतो, आतलं पाणी निसटतं आणि दूध नाहीसं होतं. हे फक्त लॅकरवर, आणि खाली गंजाची नाजूक कारागिरी असेल तर हात फार जपून चालवायचा. न हलवलेल्या बाटलीमुळे आलेला पांढरेपणा याने जात नाही. मॅट करणारी बारीक पूड तळाशी बसलेली असते आणि शेवटच्या फवाऱ्यात एकदम बाहेर पडते. त्यावर ग्लॉसचा हात मारून पुन्हा नीट हलवलेलं मॅट, एवढाच मार्ग.

उन्हाळ्यात उलटं होतं. थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग सँडपेपरसारखा लागतो. एअरब्रश जवळ घ्या, दाब कमी करा, रिटार्डर घाला, किंवा सरळ सकाळी सातला काम करा.

थोडक्यात उरकण्यासारख्या गोष्टी

वॉश, म्हणजे सांध्यांत सोडायचा पातळ गडद रंग, वाळल्यावर चहाच्या कपाच्या डागासारखी कड उरते, कारण वॉश फार ओला घेतला जातो. ग्लॉस थरावर फक्त सांध्यांत टेकवा, वीस मिनिटांनी एमटीओने (मिनरल टर्पेंटाइनने) किंचित ओलसर ब्रश कडेवर फिरवा. तैलरंग चमकत असेल तर ट्यूबमधला रंग आधी तासभर पुठ्ठ्यावर काढून ठेवा, जवसाचं तेल पुठ्ठा पितो आणि रंग मॅट वाळतो. कॅमलचे विद्यार्थ्यांसाठीचे तैलरंग याला पुरतात. डिसेंबरात निफाडची थंडी पडली की तैलरंग आणि एनॅमल वाळायला दुप्पट दिवस लागतात, दिव्याजवळ ठेवून घाई करू नका, प्लास्टिक वाकतं. एमटीओ ताणलेल्या प्लास्टिकवर साचू दिला तर ते तडकतं. माझ्या जीपचा पुढचा ॲक्सल असाच गेला.

मोरचुदाची गोष्ट

मामाची जीप मी पुन्हा करायला घेतली. हा आकार आपल्या रस्त्यांवरच्या जीपचा नाही हे जाणकार लगेच सांगतील. महिंद्रांची सीजे-३बी उंच बॉनेटची, टॅमियाची ही दुसऱ्या महायुद्धातली विलिज एमबी. पण मामाकडे लष्कराच्या लिलावातून फिरत आलेली जुनी एमबीच होती. स्टिअरिंग उजवीकडे आणायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

या वेळी आधी मामाला फोन करून विचारलं की जीप नेमकी कशाला वापरायचात. "द्राक्षाला फवारायला, अजून कशाला? मागं बोर्डोचा ड्रम असायचा." हे आधीच विचारलं असतं तर चार महिने वाचले असते. बोर्डो हे बुरशीनाशक म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना, एक टक्क्याचं करायचं तर दोन्ही एकेक किलो शंभर लिटर पाण्याला. मिश्रण झालं की मामा त्यात विळा बुडवून बघायचा. विळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, चुना वाढवायचा. मोकळ्या मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि त्या बदल्यात लोखंड झिजून पाण्यात उतरतं. म्हणजे हे पाणी जिथे सांडलं तिथे जीप नुसती गंजली नसणार, खाल्ली गेली असणार.

मग बेत बदलला. ड्रमखालच्या पत्र्याला मागून कोरून इतका पातळ केला की सुईने भोकं पडली. काठाशी गंज काळा, जाड, त्यासाठी लॅकर पुट्टीत भुगा कालवून थापला. ड्रमच्या तोंडापासून टबवरून खाली निळसर पांढरे ओघळ, पांढऱ्या तैलरंगात टोचणीभर निळा. तपकिरीच्या शेजारी तो फिका निळा बसला आणि गंज एकदम खरा दिसायला लागला. नारिंगी मी यात फक्त दोन ठिकाणी लावलाय. बॉनेट एका उन्हाळ्याइतकं फिकं केलं, सायलेन्सर पूर्ण तपकिरी, ब्रेकच्या पेडलवर चांदीचा एक टिपका.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा जीप डब्यातून काढून मामाच्या हातात दिली. तो बराच वेळ बोलला नाही. ओघळावर बोट न टेकवता नुसतं फिरवलं. मामीला हाक मारली, "अगं इकडे ये, आपली गाडी बघ." मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"पण पोरी, ड्रम डावीकडं असायचा. उजवीकडं मी बसायचो ना."

आता डावी बाजू कोरायला घेतली आहे. उजवीकडची भोकं पुट्टीने बुजवली, ती वाळायला दोन दिवस द्यावे लागणार, थंडी आहे. निळे ओघळ एमटीओच्या बोळ्याने पुसले तर निघाले, कारण खाली वॉर्निश होतं. तपकिरी थर मात्र तसाच ठेवला आहे. त्यावर पुन्हा हेअरस्प्रे आणि हिरवा चढेल, आणि मामाच्या बुटाने घासला जाईल तेवढाच उडेल.